नुसतं ‘ताई’ म्हणून भागत नाही

उद्योजिकांच्या मेळाव्याला जायचं म्हटलं की आपण साडी ठरवतो, सॅम्पल पिशवीत भरतो, कार्डं आहेत ना ते बघतो. नावं लक्षात ठेवायची तयारी मात्र फार कमी जणी करून जातात. ती आपोआप राहतील असं धरून चालतो. संध्याकाळी घरी आल्यावर पर्समधून मूठभर कार्डं निघतात आणि त्यातलं कोणतं कुणाचं, हे काही केल्या आठवत नाही.

माझं नाशिकला, सातपूर भागात, लेबलं आणि पाऊच छापून देण्याचं काम आहे. मसाले, नागलीचे म्हणजे नाचणीचे पापड, मनुके, साबण, केसांची तेलं करणाऱ्या बायका हे माझं गिऱ्हाईक. त्यामुळे बचतगटांची प्रदर्शनं, उद्योजिका मेळावे, संक्रांतीची हळदीकुंकवं हीच माझी बाजारपेठ आहे. तिथे मी नावाने हाक मारते, म्हणून ‘तुमची स्मरणशक्ती किती चांगली’ असं बायका म्हणतात. स्मरणशक्तीचा यात वाटा थोडा आहे. बाकी सगळी पद्धत आहे आणि ती कुणालाही जमते. नाव सुटं लक्षात राहत नाही, ते त्या बाईच्या कामाला बांधावं लागतं. आणि ओळख टिकते ती नंतर दोन दिवसांत तुम्ही तिच्यासाठी केलेल्या एखाद्या छोट्या कामामुळे. पुढे जे लिहिलंय ते या दोन गोष्टींभोवतीच आहे. उदाहरणातली नावं फक्त उदाहरणापुरती घेतली आहेत.

नाव का निसटतं

१९८७ मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. लोकांना अनोळखी चेहरे दाखवले आणि प्रत्येक चेहऱ्याबरोबर त्याचं आडनाव आणि व्यवसाय सांगितला. इंग्रजीत ‘बेकर’ हे आडनावही असतं आणि पाव भाजणाऱ्यालाही बेकरच म्हणतात, म्हणून तोच शब्द कधी आडनाव म्हणून दिला, कधी व्यवसाय म्हणून. शब्द तोच असूनही व्यवसाय म्हणून सांगितला तेव्हा लोकांना तो जास्त आठवला, आडनाव म्हणून सांगितला तेव्हा कमी.

आपल्याकडे हे पटायला वेळ लागत नाही. ‘या सुतारकाम करतात’ म्हटलं की रंधा दिसतो, भुश्याचा वास येतो, आणि बाई सुतारकाम करते याचं कुतूहलही वाटतं. ‘या सुतारबाई’ म्हटलं तर डोळ्यांपुढे काहीच येत नाही. काम मनात चित्र उभं करतं, नाव करत नाही. म्हणून नावाला चित्र आपण द्यायचं.

दुसरं कारण याहून साधं आहे. बहुतेक वेळा नाव आपण विसरलेलो नसतो, ते ऐकलेलंच नसतं. हॉलमध्ये माइक शिट्ट्या मारत असतो, बाजूला चहाच्या कपांचा आवाज, समोरची बाई संकोचून आपलं नाव अर्धं गिळते, आणि आपण त्याच वेळी पुढे काय बोलायचं याचा विचार करत असतो.

आधी स्वतःची ओळख पाठ करा

गोलात बसून एकेकीने उठून ओळख करून द्यायची, हा जवळपास प्रत्येक मेळाव्यातला पहिला कार्यक्रम. यात एक गंमतशीर अडचण आहे. माल्कम ब्रेनर या संशोधकाने १९७३ मध्ये लोकांना टेबलाभोवती बसवून पाळीपाळीने शब्द मोठ्याने वाचायला लावले. नंतर विचारलं तेव्हा, आपली पाळी येण्याच्या अगदी आधी जे वाचलं गेलं तेच लोकांना सर्वांत कमी आठवत होतं. मेळाव्यात नेमकं हेच होतं. तुमच्या शेजारी बसलेल्या बाईचं नाव तुम्हाला कळत नाही, कारण ती बोलत असताना तुम्ही मनात स्वतःचं वाक्य जुळवत असता. आणि पुढचे दोन तास बसायचं असतं तिच्याच शेजारी.

उपाय: स्वतःची ओळख घरूनच पाठ करून न्या, इतकी पक्की की पाळी येईपर्यंत तिचा विचारच करावा लागू नये. चार गोष्टी पुरतात. नाव, काम, गाव आणि आत्ता काय हवंय. ‘नमस्कार, मी वनिता. सुरगाण्याला नागलीचे पापड करते. नाशिक शहरात माझा माल ठेवणारं दुकान शोधतेय.’ संपलं. शिक्षण, पुरस्कार, सासूबाईंचा पाठिंबा हे सगळं खरं असतं, पण ते नंतर चहाला. ‘काय हवंय’ हा भाग बायका हमखास गाळतात, मागितल्यासारखं वाटतं म्हणून. पण तोच भाग ऐकणारीच्या डोक्यात अडकतो, कारण तिला लगेच एखादं दुकान आठवतं. तुमचं नाव इतरांच्या लक्षात राहावं असं वाटत असेल तर त्यांना काहीतरी करण्याजोगं द्या.

एवढं करूनही शेजारणीचं नाव निसटलं तर खाली बसताक्षणी तिला विचारा. त्या क्षणी विचारलेलं अगदी स्वाभाविक वाटतं, अर्ध्या तासाने जड जातं.

आदल्या दिवशी आणखी एक काम करा. मेळाव्याचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतोच. त्यात नोंदणी केलेल्यांची यादी येते, ती मोठ्याने एकदा वाचा. ओठांवरून एकदा गेलेलं नाव दुसऱ्या दिवशी कानाला ओळखीचं वाटतं. आणि यादीतल्या चार-पाच जणी निवडा, ज्यांना भेटायचंच आहे. अख्ख्या हॉलशी ओळख करायला गेलात तर कुणाशीच होणार नाही. पाच जणींशी नीट बोललात तर मेळावा वसूल.

नाव ऐकताना

आडनावावर विसंबू नका. आपल्या एका हॉलमध्ये पाटील, पवार, जाधव, शिंदे किती निघतील याचा नेम नाही. पहिलं नाव धरा. आता पहिल्या नावांचीही आपली एक तऱ्हा आहे: एका पिढीत अनिता, सुनीता, वनिता, विनिता, सविता, कविता, संगीता आणि तिच्या लेकीच्या पिढीत पूजा, प्रिया, प्रियांका, प्राजक्ता, पल्लवी. शुभदा आणि सुखदा, विद्या आणि विजया यांच्यातही गोंधळ होतो. म्हणून नाव ऐकल्यावर तिथेच विचारायचं, ‘वनिता की विनिता?’ यात तीन कामं होतात. नाव नीट कळतं, तुमच्या तोंडून ते एकदा उच्चारलं जातं, आणि समोरच्या बाईला कळतं की हिला माझं नाव बरोबर हवंय. कितीतरी बायकांना वर्षानुवर्षं चुकीच्या नावाने हाक मारलेली चालवून घ्यायची सवय लागलेली असते. त्यांचा चेहरा या एका प्रश्नाने बदलतो.

मला याबद्दल फार मनापासून वाटतं, म्हणून इथे थोडं थांबते. बाईचं स्वतःचं नाव तिच्या आयुष्यात सगळ्यात कमी वापरलं जातं. गल्लीत ती अमक्याची आई असते, नात्यात वहिनी, काकू, मामी असते, सोसायटीत मिसेस अमुक असते. काही घरांत लग्नात नावच बदलतात. लेबलाच्या कामात मला हे रोज दिसतं: पासबुकावर एक नाव, अन्न परवान्यावर दुसरं, मैत्रिणी हाक मारतात ते तिसरं. लेबलावर उत्पादकाचं नाव कोणतं छापायचं यावर कधीकधी बराच वेळ बोलणं होतं, आणि त्या बोलण्यात बाई बरंच काही सांगून जाते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं नाव आणि मग वडिलांचं, असा नियम आपल्या राज्याने केला. चांगलं झालं. पण ज्या आज धंदा करताहेत त्यांचं नाव तर आपल्याच तोंडी रुळायचं आहे. म्हणून हा प्रश्न विचारायला लाजू नका: ‘तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते?’

एकदा नाव कळलं की ते ‘ताई’ लावून वापरा. सुनीताताई, कविताताई. नुसतं ‘ताई’ म्हणजे नाव माहीत नसल्याची कबुलीच. वयाने लहान मुलगी असली तरी धंद्याच्या ठिकाणी ‘पूजा, तुम्ही’ असं बोला. ती ‘अगं म्हणा’ म्हणाली की मग अगं. ‘काकू’ टाळा. पन्नाशीची बाई मोठी मशीन घेऊन युनिट चालवत असते, तिला व्यासपीठाजवळ काकू म्हटलं की ती पाहुणी होऊन जाते. ‘वहिनी’चंही तसंच, त्यात तिचा नवरा न बोलावता येऊन उभा राहतो. बँकेतल्या किंवा जिल्हा उद्योग केंद्रातल्या अधिकारी बाईंना मॅडम म्हणायची रीत आहे, तिथे मॅडम, पण वहीत त्यांचंही नाव लिहाच.

नाव, माल, गाव

नाव कळल्यावर लगेच त्याला दोन गाठी मारायच्या, एक मालाची आणि एक गावाची. वनिता, नागलीचे पापड, सुरगाणा. कविता, पैठणी, येवला. शोभा, मनुके, पिंपळगाव बसवंत. तिन्ही मिळून एक ओळ झाली की ती लक्षात राहते, कारण यातलं कोणतंही एक टोक सापडलं तरी बाकीची दोन हाताला लागतात. आडनाव ‘कर’ने संपत असेल तर गाव फुकट मिळाल्यासारखं वाटतं, पण जपून. निफाडकरांच्या घरातल्या कुणी कित्येक पिढ्यांत निफाडला राहिलेलं नसतं. आताचं गाव विचारूनच घ्या.

आपल्याकडे या कामासाठी एक तयार हत्यार आहे, उखाणा. नाव, एखादी वस्तू, एखादी जागा आणि यमक यांची मोट बांधून नाव पक्कं करायचं, हे आपल्या आज्या-पणज्या करत आल्या. फरक इतकाच की तो नवऱ्याच्या नावासाठी होता. मी तो उद्योजिकांसाठी वापरते, मनातल्या मनात:

नागलीचा पापड भाजला निखाऱ्यावर,
वनिताताईंचं घर सुरगाण्याच्या डोंगरावर.

पैठणीच्या पदरावर विणला मोर,
येवल्याच्या कविताताई हिशेबात थोर.

काव्य म्हणून यात फारसं काही नाही आणि असण्याची गरजही नाही. उखाणा जुळवायला जी दहा-पंधरा सेकंदं तुम्ही त्या नावाशी खेळता, तीच कामाची असतात. हळदीकुंकवाला मात्र मी तो मोठ्याने म्हणते. ज्या बाईवर उखाणा केला ती खुलते, आणि ऐकणाऱ्या सगळ्यांना तिचं नाव आणि धंदा एकदम कळतो. अशी जाहिरात पैसे देऊन मिळत नाही.

खूण म्हणून साडी धरू नका. पुढच्या वेळी साडी दुसरी असते. चष्मा, केस, अंगलट यावरूनही खूण बांधू नका. चष्मा बदलतो, केस कापले जातात, आणि तुमची वही चुकून तिच्या हाती गेली तर ‘जाड, सावळी’ असं वाचून तिला काय वाटेल? आवाज चांगला लक्षात राहतो. बोलण्याची लकबही राहते: खानदेशाकडची ‘शे’ लावते, कोल्हापूरची ‘व्हय की’ म्हणते. काम, गाव आणि आवाज एवढ्यावर चेहरा जमतो.

कार्ड, स्टिकर, मोबाईल

हा माझा धंद्याचा भाग असल्यामुळे जरा अधिकाराने सांगते. कार्डाच्या दोन्ही बाजूंना चकचकीत लॅमिनेशन करू नका. त्यावर बॉलपेन सरकतो, काही लिहिता येत नाही. मागची बाजू लॅमिनेशनशिवाय, कोरी ठेवा. समोरची बाई त्यावर लिहील आणि लिहिलेलं कार्डच ती जपून ठेवील. पुढे पहिलं नाव मोठ्या देवनागरी अक्षरात, त्याखाली माल, मग गाव. ब्रँडचं चिन्ह मोठं आणि बाईचं नाव मुंगीएवढं अशी कार्डं माझ्याकडे छापायला येतात तेव्हा मी दरवेळी हे बदलायला सांगते.

दुसऱ्याचं कार्ड मिळालं की त्याच दिवशी मागे तीन गोष्टी लिहा: तारीख, कुठला मेळावा, आणि तिला काय हवं होतं. ‘शोभाताई, मनुके, पाव किलोचे पाऊच, दिवाळीच्या आधी.’ दुसऱ्या दिवशीवर टाकलंत तर सगळ्या शोभाताई एक होतात.

पुष्कळ जणींकडे कार्ड नसतं, म्हणून अडत नाही. समोरच तिला मिस्ड कॉल द्या आणि तिच्यासमोरच नंबर सेव्ह करा: ‘वनिता नागली पापड सुरगाणा’. नाव विसरलात तर ‘नागली’ शोधा, ‘सुरगाणा’ शोधा, सापडते. आणि विचारा, ‘हा नंबर तुमचाच ना?’ गावाकडे अजून बरेचदा नंबर नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. तसा असला तर तेही लिहून ठेवा, म्हणजे फोन उचलणाऱ्याशी काय बोलायचं ते ठरतं.

नावाच्या स्टिकरबद्दल आयोजकांना माझं नेहमीचं सांगणं: गळ्यात दोरीने लटकणारं ओळखपत्र नको. ते पोटाशी लोंबतं, उलटं फिरतं, पदराखाली जातं. छातीवर लावायचा स्टिकर द्या आणि तो उजव्या बाजूला लावायला सांगा, कारण बहुतेकींचा पदर डाव्या खांद्यावर असतो. जाड मार्करने फक्त पहिलं नाव आणि खाली काम. आणि स्टिकरवर ‘सौ.’, ‘श्रीमती’, ‘कु.’ काहीही छापू नका. धंद्याच्या मेळाव्यात कुणाचं लग्न झालंय, कुणाचा नवरा आहे किंवा नाही, हे छातीवर लावून फिरायचं काय कारण?

याला जोडूनच हळदीकुंकू. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बायकांच्या धंद्याच्या जितक्या ओळखी होतात तितक्या वर्षभरात होत नाहीत. पण नवरा गेलेल्या बाईला तिथे मागे उभं राहावं लागतं, किंवा ती येतच नाही. नवरा गेल्यावर घर चालवण्यासाठी धंद्यात उतरलेल्या बायका आपल्यात किती आहेत, आठवून बघा. त्यांनाच आपण बाहेर ठेवतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. तुम्ही आयोजक असाल तर तिळगूळ समारंभ म्हणा, वाण सगळ्यांना द्या, उखाण्यात स्वतःचं नाव आणि स्वतःचा धंदा घ्यायला सांगा. तुम्ही पाहुण्या असाल तर कडेला उभ्या असलेल्या बाईजवळ जाऊन तिचं नाव विचारा.

परत परत आठवणं

नाव वाचून पाठ होत नाही, आठवून होतं. १९७८ मध्ये थॉमस लँडाउअर आणि रॉबर्ट ब्यॉर्क यांनी नेमका नावांवरच अभ्यास केला होता. नाव कळल्यावर आधी थोड्याच वेळाने आठवायचं, मग जरा जास्त वेळाने, मग आणखी जास्त, असं अंतर वाढवत गेलं तर ते चांगलं टिकतं, असं त्यांना दिसलं.

मेळाव्यात हे असं जमवा. नाव कळलं की बोलता बोलता एकदा वापरा. चहाच्या वेळी लांबून तिच्याकडे बघून नाव आठवा, आठवलं नाही तर स्टिकर आहेच. निघताना नावाने निरोप घ्या: ‘येते कविताताई.’ परतीच्या बसमध्ये कार्डं न बघता पाच नावं म्हणा, मग कार्डं बघून पडताळा. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा, आठवड्याने एकदा. आपलं वर्षही याला धरूनच आहे. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंतीचे कार्यक्रम, मग संक्रांत ते रथसप्तमी, मग ८ मार्च. दोन-सव्वादोन महिन्यांत त्याच त्या बायका पुन्हा पुन्हा समोर येतात. जानेवारीत कळलेलं नाव मार्चमध्ये तोंडावर आलं की ते पक्कं झालं म्हणायचं.

पण नाव पक्कं करायचा माझा सगळ्यात आवडता मार्ग वेगळा आहे: दोन बायकांची एकमेकींशी ओळख करून द्यायची. ‘शोभाताई, या कविताताई, येवल्याच्या, पैठणी विणतात. कविताताई, या शोभाताई, पिंपळगावला मनुके करतात. दिवाळीच्या भेटवस्तूंच्या खोक्यात तुम्हा दोघींचा माल एकत्र जाऊ शकतो.’ या तीन वाक्यांत दोन्ही नावं तुम्ही दोनदा घेतलीत, दोघींचं काम सांगितलंत आणि दोघींचा फायदा दाखवलात. आता त्या दोघी तुमचं नाव विसरणार नाहीत. ओळख करून देणारी बाई व्हा. त्यासाठी मोठा धंदा लागत नाही, नीट ऐकणं लागतं.

ऐकायचं तर विचारायला हवं. ‘कसं चाललंय?’ याला ‘बरं चाललंय’ एवढंच उत्तर येतं. ‘सध्या कशाचा हंगाम आहे?’, ‘कच्चा माल कुठून घेता?’, ‘सध्या कुठे अडलंय?’ असं विचारा. नवरा काय करतो, मुलं किती, घरचे पाठवतात का, हे आधी विचारू नका. तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल.

जागा तशी रीत

सगळे मेळावे एकसारखे नसतात. १९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षात स्थापन झालेलं माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ), नंतरचं उमेद (ग्रामीण बचतगटांसाठीचं सरकारी अभियान), यांच्या मेळाव्यांत आणि मुंबईतल्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात फलकावर बचतगटाचं नाव असतं, बाईचं नसतं. जिजामाता, सावित्रीबाई, रमाई, तुळजाभवानी या नावांचे गट जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, त्यामुळे गटाच्या नावावरून तुम्हाला बाई पुन्हा सापडणार नाही. स्टॉलवरच्या बाईला तिचं नाव विचाराच. वेळ साधायची ती सकाळी स्टॉल मांडताना किंवा दुपारी जेवणानंतर गर्दी ओसरते तेव्हा. गिऱ्हाईक समोर असताना गप्पा मारायला उभं राहू नका, तिच्या विक्रीवर पाय पडतो. खोकी उचलायला हात लावलात तर ओळख आपोआप होते. पुण्याच्या भीमथडी जत्रेतही हेच.

बीएनआय (एकमेकांना गिऱ्हाईक मिळवून देणाऱ्या व्यावसायिकांचे गट) किंवा माधवराव भिडे यांनी मराठी उद्योजकांसाठी सुरू केलेला सॅटर्डे क्लब, इथे रीत निराळी. तिथे माणसं नियमाने भेटतात, ओळखीला मिनिटभर मिळतं, कुणी कुणाला काम दिलं याची नोंद होते. नावं तिथे भेटून भेटून पाठ होतातच. तिथे प्रत्येकीला कोणतं गिऱ्हाईक हवंय ते लक्षात ठेवण्यावर जोर द्या.

विसरलातच तर

सरळ विचारा, पण जे आठवतंय ते आधी सांगा. ‘तुमचे नागलीचे पापड लक्षात आहेत, सुरगाण्याहून आला होतात. नाव परत एकदा सांगा ना.’ कुणालाही वाईट वाटत नाही, कारण तिचं काम तुम्ही लक्षात ठेवलेलं असतं. आणि ‘ओळखलंत का मला?’ हा प्रश्न कधीच कुणाला विचारू नका. समोरची बाई परीक्षेला बसल्यासारखी कावरीबावरी होते. दुसऱ्या भेटीत आधी स्वतःचं नाव सांगायचं: ‘मी अमुक, लेबलं छापते, संक्रांतीला आपण भेटलो होतो.’ ती सुटकेचा श्वास सोडते आणि बहुधा आपलंही नाव सांगून टाकते.

दोन दिवसांच्या आत

मेळावा संपला की ‘छान भेट झाली’ असा एकच मेसेज सगळ्यांना पाठवणं म्हणजे काहीच न पाठवणं. प्रत्येकीला तिच्या कामाचं काहीतरी पाठवा. वनिताताईंना नाशिकच्या एखाद्या दुकानदाराचं नाव. शोभाताईंना पाऊचच्या जाडीबद्दल माहिती. नव्याने सुरू करणाऱ्या मुलीला एवढं सांगा की सरकारच्या पोर्टलवर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. तिचे हजार-पाचशे वाचले तर ती तुम्हाला विसरणार नाही. लांबलचक वाचायला वेळ नसतो किंवा वाचायची सवय नसते, अशांना आवाजातला मेसेज पाठवा आणि सुरुवात त्यांच्या नावाने करा.

एक पथ्य कडक पाळा. कुणाचाही नंबर तिला विचारल्याशिवाय पुढे देऊ नका, ग्रुपवर टाकू नका. बाईचा नंबर चुकीच्या हाती गेला की रात्री-अपरात्री फोन सुरू होतात आणि घरातले पहिलं तिचं बाहेर जाणं बंद करतात. आधी विचारा, ‘अमक्या दुकानदाराला तुमचा नंबर देऊ का?’ तिचं हो आलं की मगच द्या.

अशा ओळखींतून घट्ट मैत्री व्हायलाच हवी असं नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं होतं की ही माहिती कुणाकडून कळली. बहुतेकांनी रोजच्या मित्रांचं नाव न घेता कधीमधी भेटणाऱ्या ओळखीच्या माणसांचं नाव घेतलं. १९७३ मध्ये त्यांनी यावर लेख लिहिला, तो अजून वाचला जातो. कारण समजण्यासारखं आहे. रोजच्या मैत्रिणींना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. सुरगाण्याच्या वनिताताईंना जे माहीत आहे ते माझ्या गल्लीत कुणालाच नाही. म्हणून वर्षातून दोनदा भेटणाऱ्या बाईचं नावही जपून ठेवा, आणि मेळाव्याशिवाय एखादा फोन करा. नागलीची कापणी झाली का, एवढं विचारायला.

आयोजकांना शेवटची विनंती. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी ग्रुपवर आलेल्यांची यादी टाका, ज्यांनी परवानगी दिली त्यांचीच. आधी पहिलं नाव, मग काम, मग गाव, मग काय हवंय. आडनाव सगळ्यात शेवटी. शक्य असेल तर प्रत्येकीचा तिच्या मालासोबतचा एक फोटो. आणि पुढच्या मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी तीच यादी परत एकदा टाका.